आमच्या बालमंदिराचं कुलूप काढा

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि शिक्षण समितीचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात बालमंदिराच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. जूनपासून नगरपालिकेचं मॉन्टेसरी बालमंदिर बंद, त्या जागी सेमी-इंग्रजी नर्सरी, ज्युनिअर केजी आणि सीनिअर केजी असे तीन वर्ग, मुलं वयाप्रमाणे वेगळी बसतील, आणि मधला मोठा हॉल करवसुली विभागाकडे जाईल. खाली सही होती, शिक्का होता. कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलं हाताळून शिकतात त्या लाकडी साहित्याची सगळी कपाटं मागच्या खोलीत ढकलली गेली आणि खोलीला कुलूप लागलं. सत्र संपायला तेव्हा तीन आठवडे बाकी होते. तेवढे दिवस मुलं रिकाम्या फरशीवर बसून राहिली.

त्यात माझी धाकटी होती. बालमंदिरातलं तिचं हे दुसरं वर्ष. माझा मोठा मुलगा इथेच तीन वर्षं काढून आता दुसरीत गेलाय. माझी आत्याही लहानपणी याच फरशीवर बसली होती. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि गावानं वाचावं म्हणून उघड लिहितोय.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तापीकाठच्या केळीच्या बागांमधल्या सबमर्सिबल जळाल्या की माझ्याकडे येतात. बायको घरी शिवणकाम करते. मोठ्याला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मी आधी एका खाजगी शाळेत चौकशी केली होती. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘मॉन्टेसरी’ लिहिलेलं. वर्षाची फी चोवीस हजार, गाडीचे पैसे वेगळे. आत काचेच्या कपाटात रंगीत लाकडी साहित्य मांडून ठेवलेलं होतं, मुलं मात्र बाकांवर बसून ए, बी, सी गिरवत होती. कपाट कधी उघडता, असं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, “पालक बघायला येतात तेव्हा.” ते पैसे आम्हाला झेपणारे नव्हतेच. म्हणून, खरं सांगतो, नाइलाजानं मी मुलाला नगरपालिकेच्या बालमंदिरात घातलं.

आणि पहिल्या दोन महिन्यांतच बाईंशी भांडायला गेलो. शेजारचा पोरगा वहीत पानंच्या पानं भरत होता आणि माझा घरी येऊन सांगायचा, “आज पाणी ओतलं.” दुसऱ्या दिवशी, “आज डाळ निवडली.” मी बाईंना म्हणालो, डाळ निवडायला आमच्या घरी कमी आहे का? वही कुठाय? बाईंनी मला उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, “उद्या दुकान दोन तास उशिरा उघडा. त्या कोपऱ्यात बसा. फक्त बोलू नका.”

मी बसलो. तिथं जे पाहिलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण समितीतल्या किती जणांनी शाळा भरलेली असताना तो हॉल पाहिलाय याची मला शंका आहे.

तीस-बत्तीस मुलं होती. तीन वर्षांची, चारची, पाचची, सगळी मिसळलेली. प्रत्येकानं आपापली चटई आणून फरशीवर अंथरली आणि कपाटातून आपलं काम उचलून आणलं. कुणी कुणाला काय करायचं ते सांगत नव्हतं. माझ्या मुलानं एक लांबट लाकडी ठोकळा आणला. त्यात दहा भोकं, आणि प्रत्येक भोकात बसणारा एकेक दट्टा. त्यानं दहाही दट्टे बाहेर काढले, मिसळले आणि परत बसवू लागला. शेवटी एक दट्टा उरला आणि जे भोक उरलं त्यात तो जाईना. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. बाईंनी लांबूनच हात दाखवून मला बसवलं. मुलगा त्या दट्ट्याकडे बघत राहिला. मग त्यानं सगळे बाहेर काढले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चूक झाली हे त्याला लाकडानंच सांगितलं होतं. त्या सकाळी त्यानं ते काम अकरा वेळा केलं. मी मोजलं, कारण मोजणं हा माझा धंदाच आहे. अकराव्यांदा दहाही दट्टे बसल्यावर त्यानं कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. ठोकळा जागेवर ठेवला, चटईची गुंडाळी केली आणि पाणी प्यायला गेला.

आमच्या कामात कॉइल गुंडाळताना टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजावे लागतात. मध्येच कुणी हाक मारली आणि आकडा सुटला की सगळी तार उलगडून पहिल्यापासून. एका कॉइलचे टर्न चुकले तर तीन फेजचा तोल जातो, मोटार हूं हूं करत तापते आणि पुन्हा जळते. म्हणून माझ्या दुकानात मी तार गुंडाळत असेन तर गिऱ्हाईकसुद्धा ओट्यावर गप्प उभं राहतं. त्या सकाळी मला कळलं की त्या हॉलमध्ये बाई हेच सांभाळत होत्या. पोर मोजत असताना त्याला हाक मारायची नाही.

आपल्या नव्या वेळापत्रकात तीस-तीस मिनिटांच्या तासिका आहेत. सहा घंटा आहेत. माझी पहिली तक्रार ही आहे आणि ती सगळ्यात मोठी आहे. बालमंदिरात मुलांना सलग तीन तास मिळत होते. कपाटं उद्या परत आणली तरी दर अर्ध्या तासानं घंटा वाजणार असेल तर त्या साहित्याचा उपयोग नाही. ते खाजगी शाळेसारखं काचेमागं ठेवलं तरी चालेल.

दुसरी तक्रार वयाप्रमाणे वर्ग पाडण्याबद्दल. मॉन्टेसरीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात ती जागा कमी म्हणून नव्हे. लहान मूल मोठ्याचं बघून शिकतं आणि मोठं मूल लहानाला दाखवताना पक्कं होतं. माझ्या मोठ्यानं तिसऱ्या वर्षी एका नव्या मुलीला शर्टाची गुंडी लावायला शिकवलं. त्यासाठी लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड असतं. त्याला आठ दिवस लागले. घरी येऊन तो रोज सांगायचा, आज तिची एक लागली, आज दोन लागल्या. घरात शेंडीला हात लावू न देणारा पोरगा तिथं आठ दिवस धीर धरत होता. धाकटीचं ते तिसरं वर्ष आता येत होतं. दोन वर्षं ती लहान होती, यंदा तिची मोठी व्हायची पाळी होती. आपल्या कागदानं नेमकं तेच वर्ष काढून घेतलं. तिच्याबरोबरच्या अकरा मुलांचंही.

तिसरं, भाषा. आमच्या घरात अहिराणी बोलतात. धाकटी पहिल्या दिवशी शाळेत गेली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. बाई तिची चप्पल काढू लागल्या तर ती पाय मागे घेऊन म्हणाली, “माले करू दे.” मला करू दे. दुसऱ्या एखाद्या शाळेत तिला आधी ‘मला’ म्हणायला लावलं असतं. बाईंनी हात मागे घेतला आणि ती चप्पल काढेपर्यंत तिथंच उकिडव्या बसून राहिल्या. मला नंतर म्हणाल्या, “आमच्या प्रशिक्षणात वर्षभर जे शिकवलं ते तुमच्या पोरीनं तीन शब्दांत सांगितलं.” आज ती बाईंशी मराठी बोलते, आजीशी अहिराणी बोलते, आणि दोन्हींत भांडते. नव्या कागदात ‘वर्गात इंग्रजी व प्रमाण मराठीच वापरावे’ असं वाक्य आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगतं की शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. साडेतीन वर्षांच्या पोराच्या तोंडातली भाषा काढून घ्यायची तर त्यानं बोलायचं तरी काय?

इंग्रजीला माझा विरोध नाही, हे इथंच सांगून टाकतो. काही पालकांनीच सेमी-इंग्रजीची मागणी केली होती हे मला माहीत आहे, त्यात माझे दोन शेजारी आहेत, आणि त्यांची काळजी खोटी नाही. पुढं आयटीआयला गेलं तरी मोटारीची माहितीपत्रकं इंग्रजीतच असतात. मलाही ते अडतं. मुलांना इंग्रजी गाणी शिकवा, गोष्टी सांगा, कानावर रोज पडू द्या. पण ज्या बोटांना अजून पेन्सिल नीट धरता येत नाही त्यांच्याकडून चार रेघांची वही भरून घेणं म्हणजे इंग्रजी शिकवणं नाही. बालमंदिरात पॉलिश पेपरची अक्षरं होती. मूल त्यावरून दोन बोटं फिरवतं आणि तोंडानं उच्चार करतं. मी स्वतः तारेच्या टोकावरचं इनॅमल पॉलिश पेपरनं घासून काढतो, तिथं डोळ्याच्या आधी बोटाला कळतं की तांबं उघडं पडलं. धाकटीनं ‘क’ असाच शिकला. एक दिवस घरी पिठाच्या परातीत तिनं बोटानं ‘क’ काढला आणि आजीला म्हणाली, “हाऊ दख, क.” हा बघ, क. तिची आजी निरक्षर आहे. तिनंही त्या पिठात बोट फिरवलं.

चौथी गोष्ट बाईंची. दोन प्रशिक्षित बाईंपैकी एक दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. ती जागा रिकामी आहे. दुसऱ्या बाईंनी एकटीनं हे दोन वर्षं ओढलं, आणि आता त्यांना सर्वेक्षणाच्या कामाला लावण्यात आलंय. त्यांचं मानधन चार-चार महिने थकतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हाला दुसरीकडून कळलं. या पद्धतीत बाई बोलते कमी आणि बघते जास्त. कोणतं मूल कुठं अडलंय, कुणाला आज नवं काम दाखवायचं, हे त्यांच्या वहीत रोज लिहिलेलं असे. ती वही कुणी ताब्यात घेतली का, हेही आम्हाला माहीत नाही.

हॉलबद्दल थोडक्यात. तो जुना दगडी हॉल आहे, भिंती जाड, बाहेर कडुनिंब. नवे वर्ग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरणार आहेत. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. करभरणा करणाऱ्यांना गार सावली मिळावी, पण ती तीन वर्षांच्या मुलांना पत्र्याखाली घालून नको.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. हा ठराव कोणत्या सभेत झाला, कुणाशी चर्चा केली, साहित्याची नोंद कुठं आहे, एवढेच तीन प्रश्न. तीस दिवस उलटून गेले. उत्तर आलेलं नाही. कार्यालयात गेलो तेव्हा एका साहेबांनी तोंडी सांगितलं की ही पद्धत जुनी झाली, आणि मॉन्टेसरी म्हणजे मोठ्या शहरातल्या पैसेवाल्यांचा प्रकार, तो आपल्या पोरांना काय कामाचा.

त्यांचं हे बोलणं माझ्या मनातून जात नाही. म्हणून याचं उत्तर मी शोधलं. माझा भाचा डी.एड. झालाय, त्यानं पुस्तकं आणून दिली.

मारिया मॉन्टेसरी डॉक्टर होत्या. त्यांची पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सॅन लोरेन्झो भागात उघडली. ती मजुरांची वस्ती होती. आईबाप कामाला गेले की पोरं दिवसभर इमारतीच्या जिन्यांवर उंडारायची, भिंती खराब करायची, म्हणून त्यांना एका खोलीत सांभाळायची सोय केली गेली. त्या पोरांवर लक्ष ठेवता ठेवता ही पद्धत उभी राहिली. म्हणजे ती सुरूच झाली आमच्यासारख्यांच्या पोरांपासून. आपल्याकडे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. १९३९ मध्ये मॉन्टेसरीबाई स्वतः मद्रासला आल्या, महायुद्धामुळं १९४६ पर्यंत इथंच राहिल्या आणि त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. आणि ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, पुढं त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी पाड्यांवर गेल्या. महागडं साहित्य परवडत नाही म्हणून त्यांनी बिया, शिंपले, खडे, काड्या वापरल्या. आमच्या बाईंनीही तेच केलं. ज्वारी आणि उडीद मिसळून वाटीत द्यायच्या, मुलांनी चिमटीनं वेगळे करायचे. घरी कळण्याची, म्हणजे याच दोन धान्यांच्या पिठाची, भाकरी खाणाऱ्या पोराला हे धान्य ओळखीचं असतं. कापसाच्या बोंडातून सरकी काढायची. साहित्यात एक गुलाबी मनोरा आहे. त्यात एकावर एक रचायचे दहा ठोकळे असतात, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा, सगळ्यात लहान एका सेंटिमीटरचा. तो लहान कधीतरी हरवला. आपल्याच गावातल्या सुतारदादांनी बाभळीच्या लाकडाचा तेवढा तुकडा बनवून दिला, पैसे घेतले नाहीत. गुलाबी मनोऱ्यावर सगळ्यात वर तो तपकिरी ठोकळा बसतो. मुलांना वाटतं तो तसाच असतो.

जुनी झाली म्हणता, तर अलीकडचंही सांगतो. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात सरकारी मॉन्टेसरी शाळांत प्रवेश सोडतीनं होतात. सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली अशी १४१ मुलं संशोधक अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षं तपासली. २०१७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मॉन्टेसरीतली मुलं अभ्यासात पुढं गेली होती, आणि गरीब घरची मुलं आणि सुस्थितीतली मुलं यांच्यातलं अंतर तिथं तीन वर्षांत बरंच कमी झालं होतं. परदेशातलं सगळं इथं लागू होतं असं मी म्हणत नाही. पण माझा मोठा दुसरीत हातच्याची बेरीज करतो तेव्हा त्याला ‘हातचा’ म्हणजे काय हे ठाऊक असतं, कारण दहा सुटे मणी देऊन दहा मण्यांची एक काडी आणायला तो पाच वर्षांचा असताना हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलाय. हजार मण्यांचा ठोकळा त्यानं दोन्ही हातांनी उचललाय. हजार किती जड असतात ते त्याला माहीत आहे.

राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात, ८६ व्या दुरुस्तीनंतर, सहा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण यासाठी राज्यानं प्रयत्न करावा असं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं ११ वं कलम तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी मोफत सोय करता येईल असं सांगतं. वकिलांनी मला समजावलं की यावर कोर्टात जाऊन हक्क मागता येत नाही. ठीक आहे. पण इथं तर सोय झालेली होती, वर्षानुवर्षं चालू होती. केंद्र सरकार २०२३ पासून तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ म्हणून खेळ, कोडी आणि बाहुल्यांच्या पेट्या काढतंय, आणि आपण असलेल्या पेट्यांना कुलूप लावलं.

खाजगी शाळा फलकावर नुसता ‘मॉन्टेसरी’ शब्द रंगवून चोवीस हजार घेते, आणि खरीखुरी मॉन्टेसरी शाळा आपल्याकडे होती आणि फुकट होती. केळीच्या गाडीवर घड भरणाऱ्या मजुराची पोर आणि डॉक्टरांचा मुलगा तिथं एका फरशीवर बसत होते. डॉक्टरांना दुसरी सोय आहे. त्या मजुराला आणि मला नाही. खाजगी शाळेची नक्कल आम्हाला नको. बाक नकोत, टाय नको.

आमच्या मागण्या अशा :

१. जूनपासूनच्या बदलाला लगेच स्थगिती द्या. पालकांना बोलावून, शाळेतच, सभा घ्या आणि ठरावाचं इतिवृत्त आमच्यासमोर वाचा.

२. कुलूपबंद साहित्य पालकांच्या उपस्थितीत मोजून, यादी करून, शाळा सुरू होण्याआधी हॉलमध्ये परत मांडा. पावसाळ्यात त्या मागच्या खोलीत पाणी येतं आणि लाकूड फुगतं. फुगलेला दट्टा भोकात जात नाही, मग चूक मुलाची की लाकडाची हे मुलाला कळणार नाही.

३. तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्रच ठेवा, सलग तीन तासांची वेळ ठेवा. निदान आज दोन वर्षं पूर्ण केलेल्या बारा मुलांचं तिसरं वर्ष तरी मोडू नका.

४. रिकामी जागा मॉन्टेसरीचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिकेनं भरा. आहेत त्या बाईंना परत आणा, त्यांची वही त्यांना द्या, थकलेलं मानधन द्या.

५. हॉल मुलांकडे राहू द्या.

६. इंग्रजी बोलण्या-ऐकण्यातून जरूर आणा. त्यासाठी आम्ही पालकही मदत करू.

आमच्याकडून काय होईल तेही लिहितो. साहित्याची दुरुस्ती, पंखे आणि वायरिंग मी विनामूल्य करून देईन. सुतारदादांनीही होकार दिलाय. शिवणकाम करणाऱ्या चार आया नव्या चटयांना काठ शिवून देणार आहेत.

आपली पुढची सभा ज्या सोमवारी आहे त्या सकाळी आठ ते अकरा आम्ही पालक मुलांना घेऊन बालमंदिराच्या ओट्यावर बसणार आहोत. घोषणा नाहीत, फलक नाहीत. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी किंवा सदस्य, ज्यांना जमेल त्यांनी यावं, सभेला जायच्या आधी एक तास आमच्याजवळ बसावं. येताना मागच्या खोलीची किल्ली घेऊन यावी. साहित्य कसं वापरतात ते मुलं दाखवतील.

आपला,
बालमंदिरातल्या दोन मुलांचा बाप